खोपीतली रेंज

आमच्या काकांच्या दुकानात मोबाईल घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला, की काकांना बरं वाटायचं. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. तेव्हाही मला याचं कधी हसू आलं नाही आणि आज पंचवीसएक वर्षांनी आठवलं तरी डोकं फिरतं. दुकान मोबाईलचं, एजन्सी मोबाईलची, दारावर कंपनीचा निळाशार बॅनर, आणि आत हा माणूस गिऱ्हाइकाला सांगतोय, “घाई कशाला करता? थांबा की वर्षभर.”

काका माझे कुणी लागत नव्हते. पेणमध्ये सगळेच त्यांना काका म्हणायचे. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावरून पडले, डावा पाय कायमचा आखूड झाला, मग मुदतीआधीच नोकरी सोडून पेणच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायला बसले. नव्वदचं दशक संपत आलं आणि आमच्या भागात मोबाईलचे पहिले टॉवर उभे राहिले, तेव्हा या माणसानं सगळ्यांच्या आधी जाऊन एजन्सी घेतली. रोह्याची शाखा म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमी गावात पुलाजवळचा एक गाळा, एक टेबल, एक काचेचं कपाट आणि मी. मी अष्टमीचीच. बी.कॉम. होऊन घरात बसले होते आणि आई उठता बसता लग्नाचा विषय काढत होती. खांब गावचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला होता म्हणतात, मी काही बघितला नाही. “मला नोकरी लागलीय” एवढं एक वाक्य मी घरात टाकलं आणि विषय बंद झाला. त्यामुळे ती नोकरी टिकणं ही माझ्यासाठी काय चीज होती, ते मलाच ठाऊक.

आणि ती नोकरी बुडवायला मालकच टपलेला.

काकांचा एक नियम होता. फोन दाखवायचा, हातात द्यायचा, पण विकायच्या आधी विचारायचं, “तुम्ही फोन करणार कुठे उभं राहून?” गिऱ्हाईक म्हणायचं, कुठेही. काका म्हणायचे, “कुठेही कुणी करत नाय. माणूस ठरलेल्या जागी बसतो.” मग दुकानातला नमुन्याचा फोन घ्यायचा, बगलेत बाराही महिने असलेली ती काळी छत्री घ्यायची आणि लंगडत लंगडत त्या माणसाच्या घरी जायचं. पलंगावर बसून बघायचं, मोरीच्या दाराशी उभं राहून बघायचं, दुकानदार असेल तर गल्ल्यावर बसून बघायचं. फोनचा एन्टेना ओढून लांब करायचा आणि पडद्यावरच्या काड्या मोजायच्या. काड्या दिसल्या तरी त्यांचा विश्वास नसायचा. मग ते तिथून आमच्या दुकानात फोन लावायचे. मी उचलला की हॅलो नाही, कोण बोलतंय नाही, एकदम, “पोचतंय का?”

“पोचतंय काका.”

खटकन बंद. दिवसातून वीस वेळा. एकदा मी वैतागून म्हटलं, “काका, निदान हॅलो तरी म्हणत जा.” तर म्हणाले, “हॅलो म्हणून काय कळतं गो? विचारायचंय ते विचारावं.”

जिथे रेंज यायची तिथे ते भिंतीवर गेरूनं फुली मारायचे आणि जिथे यायची नाही तिथे गोल. गेरूचा डबा एका गणपतीच्या कारखान्यातून आणलेला, तो कायम पिशवीत. पेणच्या आळ्यांतून आणि रोह्याच्या बाजारातून नुसत्या फुल्या आणि गोल. लोकांना वाटायचं खानेसुमारी चालू आहे. आमच्या आळीतल्या एका बाईनं गौरीसाठी भिंत नुकती पांढरी करून घेतली होती, तिच्यावर या माणसानं हातभर गोल काढला. ती बाई माझ्या अंगावर आली. मी माफी मागितली, चुना आणून दिला, आणि हे गृहस्थ शेजारी उभे राहून तिला समजावतायत, “वहिनी, गोल राहू दे, पुढच्या वर्षी फुली करू.”

पेणला एका मूर्तिकारानं फोन मागितला. मुंबईची मंडळं त्याच्याकडून मूर्ती न्यायची, ऑर्डरी फोनवर यायच्या, गणपती दोन महिन्यांवर आलेले. याच्याइतकी फोनची गरज पेणात दुसऱ्या कुणाला नव्हती. त्या दिवशी मी हिशेबाच्या वह्या घेऊन पेणला गेले होते, त्यामुळे हा तमाशा मला डोळ्यांनी बघायला मिळाला. काका कारखान्यात गेले, अर्धवट रंगलेल्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढत मालक जिथे बसून मूर्तींचे डोळे आखायचे त्या स्टुलावर जाऊन बसले. फोन कानाला लावला, वर धरला, खाली धरला.

“इथे नाय,” म्हणाले.

“गेटवर येतंय ना? गेटवर येऊन बोलेन की,” मालक म्हणाले.

“गेटवर यायला आधी कळायला पायजे फोन आलाय ते. फोन इथे वाजणारच नाय. मग तुम्ही गेटवर येणार कशाला?”

मालक भडकले. म्हणाले, “दुकान चालवताय की देवस्थान?” आणि दुसऱ्याच दिवशी पनवेलला जाऊन तिथून फोन घेऊन आले. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, पेणला फुल रेंज. आठ दिवसांनी तोच फोन घेऊन मालक काकांच्या दारात. मला वाटलं आता काका दोन शब्द सुनावतील. मी असते तर चार सुनावले असते. काकांनी हातोडी आणि खिळा घेतला, कारखान्याच्या गेटवर खिळा ठोकला आणि फोन पिशवीत घालून तिथे टांगून दिला. त्या वर्षी पेणमधला सगळ्यात महागडा फोन कारखान्याच्या गेटवर गाठोड्यासारखा लोंबकळत होता, आणि मंडळवाले अगदी व्यवस्थित बोलत होते.

विक्री मात्र पनवेलच्या नावावर गेली. हे काकांना दिसतच नव्हतं. तो काळ मोबाईल विकायला आधीच कठीण होता. फोन महाग, बोलणं महाग, आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, आणि लोक म्हणायचे, घरात फोन आहे, नाक्यावर एसटीडी आहे, खिशात कशाला हवा? अशात जो घ्यायला तयार आहे त्याला तुम्ही परत पाठवता. मी एकदा भांडले. तोंडावर म्हटलं, “काका, तुम्हाला धंदा करायचाय की नाही?” त्यांना राग आला नाही. त्यांना राग यायचाच नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा. म्हणाले, “खात्यात तीस वर्षं शिव्या खाल्ल्या, त्या दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या. आता खायच्या तर स्वतःच्या तरी खाईन.”

कंपनीचा एक साहेब दर महिन्याला यायचा. टाय, बॅग, अत्तराचा वास. पेणच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये त्यानं आसपासच्या विक्रेत्यांची सभा घेतली होती. भिंतीवर तक्ते लावले होते. कोणाला विकायचं, तर डॉक्टर, वकील, बिल्डर, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांतले ऑफिसर. त्याच्या खाली कुणी नाही. साहेब म्हणाला, गाव हे आपलं मार्केट नाही. काका मागच्या खुर्चीवरून उठले. छत्री टेकून म्हणाले, “साहेब, एक दिवस पेणच्या मिठागरात मीठ ओढणाऱ्या बाईच्या कमरेला हा फोन असेल.”

साहेब हसला. “काका, तिला फोन कोण करणार?”

“तिची लेक. दिल्या घरून.”

सगळा हॉल हसला. मीही हसले. हे लिहायचं नव्हतं, पण हसले तर हसले. काका बसले. शेजारच्याला हळूच म्हणाले, “पण आज तिला विकला नि लागला नाय, तर पुन्हा दहा वर्षं हातात धरायची नाय ती.” ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मनात म्हटलं, मिठागरवाल्या बाईचं नंतर बघू, आधी माझ्या टेबलाचं बघा.

कारण सभा संपल्यावर साहेबानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पावसाळ्याच्या आधी टार्गेट पूर्ण झालं नाही तर रोह्याचं काउंटर बंद. “तुमच्यात स्पार्क आहे,” असंही म्हणाला. त्या वयात असं कुणी म्हटलं की माणूस कामातून जातो.

आता त्या गावाकडे येते. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत.

कुंडलिका रोह्याच्या खाली खाडी होऊन पसरते, तिथलं ते गाव. त्यांची भाताची जमीन भरतीच्या पाण्याहून खोल. मध्ये फक्त मातीचा बांध. बांध शाबूत तर भात. बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही उगवत नाही. म्हणून पावसाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, बांधावर राखणदार बसवायचा. बांधाच्या आतल्या अंगाला त्याची गवताची खोपी. खेकड्याच्या बिळातून पाणी यायला लागलं की राखणदारानं पत्र्याचा डबा बडवायचा. तो ऐकून शेताच्या मध्यावरच्या घरातला डबा वाजायचा, तो ऐकून गावातला. आणि मग बायाबापड्यांसकट सगळं गाव पेंढा आणि चिखल घेऊन बांधावर. हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चाललेलं. बिळाएवढं भोक पंधरा मिनिटांत बुजवलं तर बुजतं, अर्ध्या तासानं गेलात तर तिथे बांधच नसतो.

त्या गावच्या पंचांना वाटलं, डब्याऐवजी मोबाईल. राखणदारानं बांधावरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचा. गावानं वर्गणी काढली आणि पंच माझ्याकडे आले. मला तर साहेबाला दाखवावं असं गिऱ्हाईक मिळालं. खेडेगाव, सगळं गाव मिळून एक फोन. मी काकांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका पेणहून हजर, छत्री आणि गेरूसकट.

बांधावर काड्या होत्या. दोन, कधी तीन. पंच खूश. काका म्हणाले, “राखणदार कोण?” एक साठीचा माणूस पुढे आला. त्याला सगळे आबा म्हणत. काका त्याला म्हणाले, “आबा, पाऊस पडतोय असं समजा. कुठे बसता?” आबा खोपीत शिरले. त्यांच्या मागून काका वाकून आत शिरले आणि तिथे कोंबडीसारखे उकिडवे बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्यांच्याबरोबर आलेली, आमच्या दुकानात फोन उचलायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी किराणा दुकानाचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाहेर आले आणि खोपीच्या दारातल्या लाकडी मेढीवर गेरूनं गोल काढला.

“नाय जमायचं,” म्हणाले.

“अवो पन बांधावर येतंय की,” पंच म्हणाले. “दहा पावलं तर हायत.”

“धो धो पावसात हा माणूस फोन घेऊन बांधावर उभा राहील? गावाच्या वर्गणीचा फोन. भिजेल म्हणून आधी खोपीत नेईल आणि मग बटणं दाबील. तुम्ही डबाच वाजवा. पलीकडे टॉवर झाला की मी स्वतः आणून देतो.”

परत येताना मी गाडीत खिडकीची जागा धरली. काकांनीच विषय काढला. “रेंज कुठे हाय ते बघायचं नाय गो. माणूस कुठे हाय ते बघायचं, नि तिथे बसून रेंज शोधायची.” मी खिडकीबाहेर बघत होते. मला सगळं समजत होतं. मला ते नको होतं.

महिना संपायला दोन दिवस राहिले आणि टार्गेटला एक फोन कमी होता. एकच. साहेबानं फोन करून विचारलं, “मॅडम, एका फोनसाठी काउंटर घालवणार?” त्याच दुपारी पंच पुन्हा आले. म्हणाले, “ताई, काकांना कळवू नका, गावानं ठरवलंय. तुम्ही एकदा बघून सांगा.”

मी गेले. स्वच्छ ऊन, ओहोटी, पाणी कुठल्या कुठे खाली. बांधाच्या माथ्यावर उभी राहिले, एन्टेना ओढला, किराणा दुकानाचा नंबर लावला. लागला. पलीकडून दुकानदार ओरडला, “येतंय येतंय.” बांधावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोपी तिथेच होती, दहा पावलांवर, मेढीवर काकांचा गोल. मी तिच्याकडे गेले नाही. विसरले नव्हते. माहीत होतं, म्हणूनच गेले नाही.

आबांनी एकदाच विचारलं, “आतून लागंल ना बाय?”

मी म्हटलं, “लागेल.”

काकांनी वही बघितली तर कळू नये म्हणून मी पत्ता पंचांच्या मेहुण्याचा घातला, अष्टमीतला. टार्गेट झालं. साहेबानं अभिनंदन केलं. गावात पत्र्याचे तिन्ही डबे खाली उतरले, एकात म्हणे कोंबड्यांचं खाणं भरून ठेवलं.

बांध आषाढातल्या अमावास्येला फुटला. भर दुपारी, बाराच्या उधाणाला, पाऊस कोसळत असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर काका पायरीवर बसलेले. पेणला त्यांना बातमी कळली होती, पण फोनचं काही माहीत नव्हतं. आपण खोपीत बसून बघितलेलं गाव म्हणून निघून आले होते. दहा वाजता पंच आणि आबा आले. सोबत तीन-चार जण. आबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. कोरडा होता. एक थेंब लागू दिला नव्हता त्या माणसानं.

“मी लावीत व्हतो बाय,” आबा म्हणाले. “बीळ दिसल्यापासून लावीत व्हतो. माझंच कायतरी चुकलं. मला ह्या बटनांचं नाय जमत.”

आणि मी काय बोलले? तेही लिहिणार. मी म्हटलं, “आबा, हिरवं बटण दाबलंत का?”

आबांनी आपल्या बोटाकडे बघितलं. जाड, चिखलानं भेगाळलेलं बोट. म्हणाले, “दाबलं असंल वाटतं. आता नक्की सांगता नाय यायचं.”

काका पायरीवरून उठून आत आले. त्यांनी विचारलं, “कुठून लावत होतात?”

“खोपीतून. भिजंल म्हनून.”

“किती वेळ?”

“पानी खोपीत येईपरेंत.”

काकांनी वही ओढली. फोनचा नंबर शोधला, पत्ता वाचला, वही मिटली. माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, कानफटात मारली असती तर जास्त बरं झालं असतं. ते पंचांना एवढंच म्हणाले, “फोन माझ्या दुकानातून गेलाय. म्हणजे माझ्याकडून गेलाय.”

मी साहेबाला फोन लावला. मला वाटलं होतं, कंपनी काहीतरी करेल. साहेब म्हणाला, “वापरायला येत नसेल तर आपली जबाबदारी नाही. लेखी काही देऊ नका.” पलीकडून चमचा ढवळल्याचा आवाज येत होता. माणसांची तीन वर्षांची भाकरी खाडीत गेली होती आणि हा चहा ढवळत होता. त्या आवाजाचा मला अजून संताप येतो. पण मी फोन खाली ठेवला आणि लेखी काही दिलं नाही. तेव्हा संताप कुणावर करायचा ते तुम्हीच ठरवा.

काका त्या दिवशीच गावात गेले. लंगड्या पायानं चार दिवस गाळात उभे राहून घमेली उचलत होते, असं लोकांनी सांगितलं. पाचव्या दिवशी पेणला परतले आणि दुकानाच्या दारावर, कंपनीच्या निळ्या बॅनरच्या बरोब्बर खाली, एक फळा लावला. वर गेरूनं मोठा गोल, आणि खाली गावांची नावं. “या गावांत फोन लागत नाही. लागेल तेव्हा नाव पुसू.” चाळीसएक नावं होती, सगळी पायी चालून बघितलेली. लोक थांबून वाचायचे. साहेब आला, म्हणाला काढा. काका म्हणाले, “खोटं काय लिवलंय ते दाखवा, पुसतो.” महिन्याभरात एजन्सी गेली. बॅनर कंपनीची माणसं घेऊन गेली. फळा तिथेच राहिला आणि काका पुन्हा रेडिओ दुरुस्त करायला बसले.

आणि मला कंपनीनं पनवेलच्या ऑफिसात घेतलं. टार्गेट केलं होतं ना मी. स्पार्क होता.

निघायच्या आदल्या दिवशी पेणला गेले. खरं सांगायला गेले होते. काका एका रेडिओत डोकं घालून बसले होते. मी उभी राहिले, ते काम करत राहिले. शेवटी मीच म्हटलं, “काका, येते.” त्यांनी मान वर केली. “जा. पोचलीस की फोन कर.”

मी केला नाही. आधी वाटलं आठवड्यानं करू, मग वाटलं आता काय तोंडानं करू, आणि मग पुण्याला बदली झाली, बढती झाली. मी त्या वर्षांत हॉल भरून माणसांना शिकवलं, ग्रामीण भागात मोबाईल कसा विकायचा, पुढची बाजारपेठ खेड्यात कशी आहे. तक्त्यावर मिठागरातल्या बाईचं चित्रही दाखवायचे. टाळ्या पडायच्या. काकांचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

काका गेल्याचं मला त्या मूर्तिकारांकडून कळलं, तेही महिनाभर उशिरा. मग मात्र मी रजा टाकली आणि आले. पेणला दुकानाला कुलूप होतं. फळा होता, नावं एकेक करून सगळी पुसलेली, वरचा गोल तेवढा फिका दिसत होता. तिथून रोह्याला आणि थेट त्या गावात.

बांध आता दगडी झाला होता. आबा खोपीच्या दारात बसले होते, ऐंशीकडे झुकलेले. खिशात मोबाईल होता, आणि मेढीला पत्र्याचा डबाही टांगलेला होता. मी ओळख सांगितली. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बटण तुमचं चुकलं नव्हतं, आतून लागत नव्हता, मला माहीत होतं, तरी मी लागेल म्हटलं. इतक्या वर्षांत हे एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते, त्यामुळे शब्द कसेही बाहेर पडत होते.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला म्हाईत हाय. काकांनी तवाच सांगितलं, घमेलं उचलताना. बोट तुमचं नाय चुकलं म्हनले.”

“माझं नाव सांगितलं?”

“सांगितलं. नि म्हनले तिला बोलू नको कुनी, ती येईल आपसूक सांगायला.” त्यांनी खाडीकडे बघितलं. भरती लागत होती. “दर पावसाळ्यात यायचे. खोपीत बसायचे, फोन लावून बघायचे. नि जाताना इचारायचे, ती आली व्हती काय.”

मला विचारवेना, पण मी विचारलं. “मग तुम्ही काय सांगायचात?”

“काय सांगनार गो,” आबा म्हणाले. “नाय म्हनायचो.”